बाबांना कळसूबाईला न्यायचंय, नेऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही ठाण्याला राहतो. बाबा ६३ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेत, वजन ८८ किलो आणि बीपीची गोळी चालू आहे. व्यायाम म्हणाल तर संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी आणि मग मित्रांबरोबर बाकावर गप्पा. मी आणि माझा भाऊ बरेच ट्रेक करतो. यंदा बाबांनी हट्टच धरलाय की महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर एकदा चढायचं आणि तुम्हा दोघांबरोबरच चढायचं. भाऊ म्हणतो हळूहळू नेऊ, काही होत नाही. आई म्हणते वेड लागलंय का तुम्हाला. बाबा म्हणतात कॉलेजात असताना मी सिंहगड पळत चढायचो. सप्टेंबरात जायचं घाटतंय आणि मला आत्तापासून टेन्शन आलंय. नेऊ की नको?
– एक मुलगी, ठाणे

उत्तर: न्या. नक्की न्या, पण सप्टेंबरात नको, डिसेंबरात न्या. मधले तीन-साडेतीन महिने कशासाठी ते सांगते.

कळसूबाई १६४६ मीटर उंच. बारी गावातून वर जाईपर्यंत साधारण आठशे ते नऊशे मीटर चढायचं असतं. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे झाले पावणेतीनशे ते तीनशे मजले, आणि तेवढेच परत उतरायचे, तेही दगडी पायऱ्या, घसारा (सुट्या दगडमातीची घसरडी वाट) आणि लोखंडी शिड्यांवरून. आता तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडेल तेव्हा बाबा चौथ्या मजल्यापर्यंत येताना किती वेळा कठड्याला धरून उभे राहतात ते बघा. त्यांना सांगू नका, नुसतं बघा. आत्ता आपण कुठे आहोत ते त्यावरून लगेच कळेल आणि घरातला वादही निम्मा मिटेल.

बाबांच्या कॉलेजच्या आठवणीला मात्र हसू नका. ज्याने तरुणपणी डोंगर चढलेत त्याला पाऊल कुठे टाकायचं ते अजून कळतं, ते अंगात राहिलेलं असतं. गेलेली असते ती मांड्यांतली ताकद आणि छातीतला दम, आणि या दोन्ही गोष्टी साठीनंतरही परत येतात, पूर्ण नाही तरी कळसूबाईपुरत्या नक्की येतात. नवरात्रात वर देवीच्या दर्शनाला आजूबाजूच्या गावांतल्या साठी-पासष्टीच्या बायका चढतात, कितीतरी जणी अनवाणी. त्या वर्षभर शेतात राबतात, डोक्यावर पाणी आणतात, म्हणून त्यांना जमतं. वयापेक्षा बसून राहणं जास्त नडतं हे मी डोंगरात इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी नुसतं वय सांगितलं की मी पुढचा प्रश्न विचारते, दिवसभर करता काय?

आधी डॉक्टर. आणि डॉक्टरांना "फिरायला जातोय" असं गुळमुळीत सांगू नका, "आठशे-नऊशे मीटर चढायचंय, चार-पाच तास सलग" असं स्पष्ट सांगा. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय श्रमाला तयार आहे असं होत नाही, बाबांचं वय, वजन आणि बीपी बघता स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करायची का ते विचाराच. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, मग डोंगरात घाम गाळताना शरीरातलं पाणी लवकर कमी होतं आणि उठून उभं राहिलं की चक्कर येते. काही गोळ्या नाडीचे ठोके वाढूच देत नाहीत, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ बघून "पल्स तर नव्वदच आहे" म्हणून कोणी निवांत राहू नये. पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, ट्रेकच्या दिवशी तर अजिबात नाही. बदलायची असेल तर डॉक्टर बदलतील.

मग सराव. पहिले तीन आठवडे नुसतं सपाटीला चालू देत, रोज चाळीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. त्यानंतर जिने. आणि इथे सगळे एकच गोष्ट करतात, जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. उलट पाहिजे! डोंगरात दम चढताना लागतो पण माणूस मोडतो उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अख्खं वजन झेलत असतो, दर पावलाला ब्रेक मारल्यासारखा, आणि ज्याला त्याची सवय नाही त्याचे पाय अर्ध्या उतारावर लटपटायला लागतात आणि मग घसरणं, मुरगळणं, पडणं जे काय व्हायचं ते तिथे होतं. चांगली गोष्ट अशी की हा स्नायू लवकर शिकतो. पहिल्यांदा चार मजले सावकाश उतरले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतील की बाबांना खुर्चीतून उठताना आईला हाक मारावी लागेल, पण आठवड्याने तेच परत केलं तर निम्मंसुद्धा दुखणार नाही. त्यामुळे आठवड्यातून दोनदा जिना उतरणं, हळू, टाच न आपटता, गुडघा थोडा वाकवून. आणि रोज हात न लावता खुर्चीतून उठणं-बसणं, दहापासून सुरू करून वाढवत न्यायचं.

दिवाळीनंतर खरे डोंगर. तुम्हाला येऊर जवळ आहे, कान्हेरी आहे, मग एखादा रविवार लोहगड, तिथे वरपर्यंत पायऱ्या आहेत. आणि शेवटची परीक्षा सिंहगड, आतकरवाडीतून. तो साधारण सहाशे मीटरचा चढ आहे. पहिल्या वेळी फक्त चढा, वर पिठलं-भाकरी खा, मटक्यातलं दही खा आणि जीपने खाली या. दुसऱ्या वेळी चढून उतरा. बाबा दोन-सव्वादोन तासांत वर गेले, पाय न लटपटता खाली आले आणि दुसऱ्या दिवशी रोजची कामं करू शकले, तर कळसूबाईची तारीख काढा. नाही जमलं तर तारीख पुढे ढकला, फेब्रुवारीपर्यंत हवा छान असते.

आता तुम्हा दोघांबद्दल, कारण मला जास्त काळजी तुमची वाटते.

वडिलांना घेऊन आलेली मुलं डोंगरात काय करतात? पटापट पुढे जातात, वळणावर दगडावर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात, दहा मिनिटांनी बाबा धापा टाकत पोचतात आणि मुलं म्हणतात "आले बाबा, चला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला दहा मिनिटं मिळाली आणि ज्याला होती त्याला एक सेकंदही नाही. असं चार वेळा झालं की बाबा संपले. आणि ते बोलणार नाहीत, कारण मुलांसमोर आणि त्यातून मुलीसमोर "मला जमत नाहीये" म्हणणं त्या पिढीच्या पुरुषाला फार जड जातं. म्हणून बाबा सगळ्यात पुढे. तुम्ही दोघं मागे, आणि त्यांची चाल तीच सगळ्यांची चाल. ती तुम्हाला असह्य हळू वाटली तर ती बरोबर आहे असं समजा. अर्ध्या तासाने पाच मिनिटं थांबायचं, बाबा टेकल्यावर घड्याळ सुरू करायचं, आणि उठायचं ते त्यांनी उठायचं म्हटल्यावर. चालताना त्यांच्याशी बोलत राहा, जुन्या ब्रँचच्या गोष्टी काढा, ते पूर्ण वाक्य न तोडता बोलतायत तोवर ठीक आहे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यायला लागले की थांबा.

वेळेचा हिशोब असा. धडधाकट माणसासाठी जुना ठोकताळा आहे, पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला एक तास. बारीतून एका बाजूने सहा-साडेसहा किलोमीटर अंतर आहे, म्हणजे तुम्हाला पावणेतीन तास. बाबांना साडेचार-पाच धरा आणि उतरायला चार. सकाळी सातला, उजाडल्यावर निघा. सूर्योदय बघायला रात्री चढायची फॅशन आहे ती यांच्यासाठी नाही, अंधारात घसाऱ्यावर त्यांचा पाय कुठे पडतोय ते ना त्यांना दिसणार ना तुम्हाला. सुट्टीच्या दिवशी तर जाऊच नका, एकतीस डिसेंबरला तर मुळीच नाही. शिड्यांवर दोन्ही बाजूंनी रांग लागते, मागून लोक "काका चला ना" करत असतात आणि त्या दबावात माणूस हात सोडतो. पावसाळा का नको तेही यातच आलं, ओली लोखंडी शिडी आणि दाट धुकं.

परत फिरायचं की नाही हे घरी ठरवा, जेवणाच्या टेबलावर, बाबा हजर असताना. पहिल्या शिडीपाशी थांबायचं, पंधरा मिनिटं बसायचं, काहीतरी खायचं आणि मग तिघांनी विचार करायचा. बारा वाजले तरी माथा लांब असेल तर फिरायचं, मग शेवटच्या शिडीखालची विहीर समोर दिसत असली तरी. बारीतून चढताना खालच्या टप्प्यातच देवीचं एक देऊळ लागतं, तिथपर्यंत जाऊन नमस्कार करून परतलात तरी त्यात कमीपणा काही नाही, हे बाबांना तुम्ही आधीच सांगून ठेवा, वर गेल्यावर सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखं वाटतं.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम, मळमळ. यातलं काहीही झालं आणि बाबा म्हणाले "गॅस झालाय, सकाळचे पोहे बाधले", तर तो गॅस नाही असंच धरून चालायचं. तिथेच बसवा आणि १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका फार तर बारीपर्यंत येते, शिड्यांवरून माणूस खाली आणायला कित्येक तास लागतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तो नंबर निघायच्या आधीच तिघांच्याही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. बारीतला एखादा वाटाड्या सोबत घ्या, त्याला वाट तर माहिती असतेच पण गडबड झाली तर गावातून चार माणसं तोच बोलावू शकतो. आणि काही झालं तरी "बाबा तुम्ही इथे बसा, आम्ही वर जाऊन येतो" हे करायचं नाही. एकजण त्यांच्याजवळ राहणार, वाद नको.

आईलाही सरावात घ्या. येऊरपर्यंत तरी.

प्रश्न: ताई, हे पत्र मुलांना न सांगता लिहितेय. मी ५८ वर्षांची आहे, नाशिकला असते, डायबेटिस आहे, गोळ्या घेते. दोन्ही मुलांनी वाढदिवसाला मला डोंगरावर न्यायचं सरप्राइज ठरवलंय, मला कळलंय. त्यांचा उत्साह बघून नाही म्हणवत नाही. पण मला भीती वाटते. मागे त्यांच्याबरोबर एका टेकडीवर गेले तेव्हा मी दिवसभर पाणीच प्यायले नाही कारण वर बाथरूम नाही, आणि चढताना खोकला आला की थोडी लघवी होते ते वेगळंच. शेवटी डोकं भयंकर दुखलं. हे मुलांना कसं सांगणार?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण हे कितीतरी बायकांचं आहे आणि कोणी बोलत नाही. डोंगरात बाया गप्प गप्प चालतात, बाटली तशीच भरलेली परत आणतात, संध्याकाळी डोकं धरून झोपतात आणि घरचे समजतात आईला झेपत नाही. झेपत असतं, पोटात पाणी नसतं.

खोकताना-शिंकताना लघवी होणं हे बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर खूप जणींना होतं आणि त्यावर इलाज आहे. लघवी रोखताना जे स्नायू आत ओढतो ते स्नायू आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे लघवीला बसल्यावर करायचं नाही, एरवी करायचं, भाजी निवडताना केलं तरी कोणाला कळत नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे आजपासून सुरू करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्या दिवशी पॅड लावा, जास्तीचे दोन आणि कागदी पिशवी सॅकमध्ये ठेवा, गडद रंगाची सैल सलवार घाला आणि एक मोठी ओढणी घ्या. आडोसा करायला ओढणीइतकं दुसरं काही उपयोगी नाही. आणि पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं, घोट घोट, दर पंधरा मिनिटांनी. मुलगी असेल तर तिला सांगा, सून असेल तर तिला सांगा, दोन्ही मुलगेच असतील तर इतकंच म्हणा की "मला दर तासाला दहा मिनिटं एकटीला लागतील, तेव्हा तुम्ही पुढे वळणावर उभे राहायचं आणि मागे कोणाला येऊ द्यायचं नाही." मोठी झालेली मुलं आहेत, त्यांना कळतं. कारण विचारणार नाहीत, आणि विचारलंच तर सरळ सांगा, आई आहात तुम्ही त्यांची.

शुगरचं जास्त सांभाळा. तुमच्या गोळ्यांत शुगर एकदम खाली आणणारी गोळी आहे का ते डॉक्टरांना विचारा, ग्लिमेपिराइड असेल तर ती तशी आहे, आणि त्या दिवशी डोस किती घ्यायचा ते त्यांच्याकडून लिहूनच घ्या. उपाशीपोटी निघायचं नाही, वाढदिवस असो की चतुर्थी असो. चढताना हात थरथरले, घाम फुटला, एकदम भूक लागली किंवा उगाच चिडचीड व्हायला लागली तर लगेच बसायचं. ग्लुकोमीटर असेल तर बघा, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. मीटर नसेल तर न बघताच घ्या. मुलांना ही लक्षणं पाठ असायला हवीत, विशेषतः चिडचीड, कारण त्यांना वाटेल आई रागावली आणि शुगर चाललेली असते खाली. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो, त्यामुळे दमले म्हणून न जेवता झोपू नका. पायांना मुंग्या येत असतील, तळव्याला लागलेलं कळत नसेल तर नवे बूट घालून डोंगर अजिबात नाही, जुने घट्ट नसलेले बूट, सुती किंवा लोकरी मोजे, आणि प्रत्येक थांब्यावर बूट काढून तळवे बघायचे. नखं दोन दिवस आधी कापा, उतरताना बोटं पुढे आपटतात.

सरप्राइज मात्र मोडा. गोड शब्दांत मोडा. म्हणा, मला कळलंय आणि मला यायचंय, पण डोंगर मी निवडणार. नाशिकला निवडायला काय कमी आहे? पांडवलेणीच्या पायऱ्यांवर आठवड्यातून दोनदा मुलांबरोबर जा, मग त्यांना रामशेजला न्यायला सांगा, किल्ला छोटा आहे, वर देऊळ आहे, पाणी आहे आणि दुपारपर्यंत घरी येता येतं. तिथे मजा आली तर पुढचा वाढदिवस आहेच. सप्तशृंगीला तर आता पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉलीनेही वर जाता येतं, पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्हाला पायीच जायचंय, भीती आहे ती फक्त अडचणीची.

प्रश्न: वडिलांचा उजवा गुडघा पूर्ण झिजलाय, ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी डोंगर चढायला साफ मनाई केलीय. वय ७१. रायगड एकदा बघायचाच म्हणतात. आम्ही तिघं भावंडं आहोत, धरून धरून नेलं तर?
– एक मुलगा, सातारा

उत्तर: धरून धरून नको. चित्त दरवाजाकडून चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि धरलेल्या माणसाचा तोल धरणाऱ्याच्या हातात असतो, एक घसरला की दोघं पडतात. रोपवे आहे ना! हिरकणीवाडीहून काही मिनिटांत वर. शनिवार-रविवारी आणि सहा जूनच्या आसपास रांगेतच दिवस जातो, त्यामुळे मंगळवार-बुधवार बघून जा आणि पहिल्या फेऱ्यांत वर पोचा.

पण वर पोचल्यावरही चालणं आहे, पायऱ्या आहेत, त्याची तयारी ठेवा. राजसदर, होळीचा माळ, मग बाजारपेठेतून जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी, हे जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर सहज होतं आणि उन्हाला आडोसा जवळजवळ नाही. दोन काठ्या द्या, एक नको, दोन्ही हातांत काठी असली की गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे घरी सराव करून घ्या. बाजारपेठेच्या जोत्यांवर बसायला जागा भरपूर आहे, तिथे थांबत थांबत जा. टकमक टोक सोडा, तिथला वारा आणि उतार त्यांच्यासाठी नाही. समाधीपाशी त्यांना हवा तितका वेळ बसू द्या आणि परतीच्या शेवटच्या ट्रॉलीची वेळ वर जातानाच विचारून ठेवा.